जमीन संपादन आणि स्वस्त घरांची उभारणी : शेतकऱ्यांच्या मुलांस एक धंदा

शहराच्या हद्दीस लागून ज्या गावांची शेते आहेत, तेथील तरुणांस आपण काय करिता असे विचारले असता हल्ली पुष्कळांकडून 'जमिनीचे काम पाहतो' असे उत्तर मिळते. या कामाचा नांगरणी-पेरणीशी संबंध नसतो हे सांगणे नको. कोणी कंपनीकरिता जमिनी मिळवून देतो, कोणी घरे बांधणाऱ्यांच्या कचेरीत कागदपत्रे सांभाळतो, कोणी नुसता विसार देवविण्या-घेवविण्यात मध्यस्थी करून दलालीवर राहतो. जुन्या पिढीतील बहुतेक खातेदार या धंद्याकडे तिटकाऱ्याने पाहतात, आणि त्यास कारणेही तशीच घडलेली आहेत. तथापि जमिनीचा व्यवहार व्हावयाचाच असेल, तर तो जाणणारा इसम आपल्याच घरातील असलेला बरा की परक्याने पढविलेला बरा, याचा विचार आमच्या वाचकांनी करणे अवश्य आहे. यास्तव या धंद्याचे खरे स्वरूप काय, त्यात शिकावयाचे काय असते, आणि त्याचा स्वस्त घरांशी संबंध कोठे येतो, हे येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

पूर्वपीठिका.— सन १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिज्वराची साथ आली, आणि १८९८ च्या कायद्याने तेथे शहर सुधारणेचा ट्रस्ट स्थापन झाला. गर्दीच्या वस्त्या मोडून रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेस नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. दादर-माटुंग्याच्या वसाहती ज्या भूमीवर उभ्या आहेत ती यापूर्वी बहुतांशी शेते, बागा व पाणथळ जागा अशीच होती. पुढे १९२० साली सरकारने निराळे विकास खाते काढिले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळी 'बीडीडी चाळी' या नावाने प्रसिद्ध आहेत. कामगारास एक खोली, एवढाच त्या काळी स्वस्त घराचा अर्थ होता. याच सुमारास, १९१५ साली, मुंबईत गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था नोंदविली. म्हणजे सरकारने बांधावे हा एक मार्ग व राहणाऱ्यांनी एकत्र होऊन बांधावे हा दुसरा, असे दोन्ही मार्ग आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक जुने आहेत.

जमीन देणाऱ्याची बाजू मात्र या सर्व इतिहासात मागेच राहिली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली 'सार्वजनिक प्रयोजन' हे दोन शब्द उच्चारले की खातेदाराचे म्हणणे जवळजवळ संपत असे. मुळशी पेट्यात धरणाकरिता जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा १९२१ साली पांडुरंग महादेव बापट यांनी केलेला सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. त्याच लढ्यापासून ते 'सेनापती' झाले. नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादन करण्याचे ठरले, १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जे आंदोलन झाले त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदारास परत देण्याची योजना निघाली. ही योजना तत्त्वतः चांगली. परंतु कित्येक कुटुंबांनी भूखंड प्रत्यक्ष हाती येण्यापूर्वीच त्याचा हक्क घरबांधणीवाल्यांस विकून टाकला. भूखंडाचे मोल ओळखणारा, वाटपाचे टप्पे समजणारा माणूस त्या घरांत असता तर असे किती घडले असते, हा प्रश्न आम्हांस नेहमी पडतो.

आजचा कायदा.— १८९४ चा कायदा जाऊन त्याचे जागी २०१३ चा कायदा आला, तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आहे. त्याची कलमे पाठ करण्याची गरज नाही. परंतु मोबदल्याची रीत प्रत्येक खातेदाराने एकदा कागदावर मांडून पाहावी. बाजारभाव ठरविताना मुद्रांक शुल्काकरिता ठरलेला दर एका बाजूस व आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी दुसऱ्या बाजूस ठेवितात. संमतीने ठरलेली रक्कम असेल तर तीही पाहतात. आणि यांतील जास्त असेल ती धरितात. सरासरी काढताना मागील तीन वर्षांची खते घेऊन त्यांतील अधिक किमतीची निम्मी खतेच विचारात घ्यावयाची असतात. वीस खते असतील तर वरची दहा. या बाजारभावास ग्रामीण भागात राज्य सरकार ठरवील त्याप्रमाणे एक ते दोन यांमधील गुणकाने गुणितात, त्यात विहीर, झाडे, बांधकाम यांची किंमत मिळवितात, आणि आलेल्या एकूण रकमेइतकीच रक्कम दिलासा म्हणून आणखी देतात.

उदाहरण घेऊ. एकरी बाजारभाव २० लाख रुपये आला व गुणक २ असला तर ४० लाख झाले. विहीर व झाडे ३ लाखांची धरली तर ४३ लाख. दिलाशासह ८६ लाख. याशिवाय बाजारभावावर ठराविक मुदतीकरिता दरसाल शेकडा १२ प्रमाणे रक्कम मिळते ती निराळी. आता त्याच गावातील लोकांनी मागील तीन वर्षांत वीस लाखांची खरेदी कागदावर दहा लाखांची दाखविली असेल, आणि सरकारी दरही त्याच्या आसपास असेल, तर हिशेब १० चे २० लाख, त्यात ३, म्हणजे २३, आणि दिलाशासह ४६ लाख असा होतो. एकरी चाळीस लाखांचा फरक! शेकडा पाच मुद्रांक धरला तर त्या खोट्या खताने वाचले पन्नास हजार. तेही बहुधा खरेदी घेणाऱ्याचे. एका शेजाऱ्याने कमी किमतीचे खत केले म्हणजे त्याचा तोटा साऱ्या शिवारास होतो, ही गोष्ट आमच्या गावांत अजून पुरतेपणी उमगलेली दिसत नाही.

आणखी दोन बाबी. खाजगी कंपनीकरिता सरकार जमीन घेत असेल तर बाधित कुटुंबांपैकी शेकडा ८० जणांची, आणि सरकार व खाजगी भांडवल यांच्या भागीदारीतील कामास शेकडा ७० जणांची पूर्वसंमती लागते. सरकारच्या स्वतःच्या कामास संमतीची ही अट नाही. आणि निवाड्याची रक्कम घेताना ती 'हरकत राखून' घेतली असे लेखी नोंदविले पाहिजे. तशी नोंद न करिता रक्कम उचलली तर पुढे वाढीव मोबदल्याकरिता दाद मागण्याचा हक्क जातो. अर्जाची मुदतही थोडी असते. निवाड्याचे वेळी हजर असलेल्यास ती सहा आठवड्यांचीच आहे. पैसे हाती आले या आनंदात ती निघून जाते आणि मग वकिलाच्या पायऱ्या झिजविणे व्यर्थ होते.

सक्तीच्या संपादनाऐवजी थेट खरेदी करण्याकडे अलीकडे सरकारी संस्थांचाही कल आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची ७०१ किलोमीटर लांबीची वाट बहुतांशी अशा खरेदीनेच मिळविण्यात आली. तिचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. आरंभी तेथे जमिनी एकत्र करून विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे केली होती, परंतु बहुतेक खातेदारांनी रोख रक्कम पसंत केली. अशा खरेदीत गावोगाव जाऊन खातेदारांस समजावणारी, त्यांचे उतारे जुळविणारी, वारस शोधून काढणारी माणसे लागतात. आमच्या तरुणांस काम मिळते ते येथे.

कामाचे मर्म.— बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की जमीन मिळवून देणे म्हणजे गोड बोलून भाव पाडणे. वस्तुतः या धंद्यातील नऊ आणे काम कागद वाचण्याचे आहे. सातबाराचा उतारा सर्वांस ओळखीचा. पण तो नुसता आजचा पाहून भागत नाही. निदान तीस वर्षे मागे जाऊन प्रत्येक फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंद, काढावी लागते, आणि ती कोणत्या कारणाने पडली हे तपासावे लागते. 'ए. कु. मॅ.' ही तीन अक्षरे एखाद्या नावापुढे दिसली तर तो मनुष्य एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक आहे आणि त्याच्या नावाखाली भाऊ, पुतणे, कदाचित चुलत्यांचाही हिस्सा दडलेला आहे, असे समजावे. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील पाण्याची पाळी, वहिवाटीची वाट, अशा कितीतरी गोष्टी असतात. भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर जमीन इनामी, वतनी, अगर सरकारने शर्तीवर दिलेली असू शकते, आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय अगर नजराणा भरल्याशिवाय तिचे हस्तांतर होत नाही. १९४८ च्या कूळकायद्याने कुळास मिळालेल्या जमिनीवरही निर्बंध असतात. महार वतनाच्या जमिनींत तर या शर्ती डावलून झालेले व्यवहार आजही कोर्टांत लोंबकळत आहेत. ज्यांची जमीन ते तसेच राहिले आणि खरेदी घेणारेही अडकले.

मग मोजणी. उताऱ्यावर चार एकर व जागेवर साडेतीन एकर, ही तक्रार नवी नाही. पोटखराबा वजा केला की नाही, नदीने किती कातरले, शेजाऱ्याने बांध किती सरकविला, हे भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीशिवाय समजत नाही. मोजणीचा नकाशा हातात येण्यापूर्वी एकरी भाव ठरवून विसार घेणे हे विकणाऱ्यास व घेणाऱ्यास सारखेच घातक. जमिनीस वाट कोठून आहे याचीही चौकशी आधीच करावी. वाटेचा तंटा १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली चालतो, आणि त्यात वर्षे जाणे ही नित्याची गोष्ट आहे. ज्या जमिनीस वाट नाही तिच्यावर घरांचा आराखडा मंजूर होत नाही, मग ती कितीही काळीभोर असो.

परंतु सर्वांत नाजूक जागा बहिणींच्या हक्काची. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. केंद्राच्या कायद्यात ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून झाली, आणि तिचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पुरता स्पष्ट केला : मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणे सहहिस्सेदार आहे, त्या तारखेस वडील हयात असोत वा नसोत. आता गावात काय चालते ते पाहा. खरेदीदार आला की भावांस बहिणी आठवतात. सासरी गेलेल्या ताईस गाडी पाठवून आणावयाचे, साडीचोळी करावयाची, आणि कसला कागद ते न सांगता हक्कसोडपत्रावर सही अगर अंगठा घ्यावयाचा. असा अंगठा मिळवून देणारास चांगली बक्षिशी मिळते, आणि ती मिळविण्यात पटाईत झालेले तरुण आमच्या पाहण्यात आहेत. हे काम त्यांनी करू नये, असे आम्ही निःसंकोच सांगतो. ते अन्यायाचे आहे हे तर उघडच. शिवाय ते कच्चे आहे. पुढे भाचा शिकतो, उतारा काढतो, दावा लावतो. आणि ज्या जमिनीवर तोपर्यंत दोन-तीनशे घरे उभी राहिली असतील त्या घरांतील लोक विनाकारण भरडले जातात. बहिणीस तिचा हिस्सा समजावून सांगून, तिच्या नावे निराळा धनाकर्ष काढून, तिची सही निबंधकासमोर घेणारा माणूस हळू चालतो खरा, पण त्याचे काम टिकते.

हिशेब.— घर स्वस्त कशाने होते, याविषयी मोठा गैरसमज आहे. शेतकऱ्याकडून जमीन स्वस्त घेतली म्हणजे गरिबास घर स्वस्त मिळते, असे घरे बांधणारे म्हणतात. आणि हे ऐकून पुष्कळ भल्या माणसांसही आपण भाव मागतो म्हणजे गरिबाच्या तोंडचा घास काढतो की काय असे वाटू लागते. म्हणून पुढील आकडे पाहावे. ते कल्पित आहेत, पण रीत खरी आहे.

शहराबाहेर चार एकर जमीन एकरी १ कोटी २० लाखांप्रमाणे घेतली. किंमत ४ कोटी ८० लाख. चार एकर म्हणजे १६० गुंठे, अर्थात १,७४,२४० चौरस फूट. रस्ते, मोकळी जागा वगैरेंकरिता शेकडा ३० सोडले तर १,२१,९६८ चौरस फूट उरतात. त्यावर १.१ पट बांधकामास मंजुरी धरू, म्हणजे सुमारे १,३४,१६५ चौरस फूट. भिंती व जिन्यांसह एका घरास ५०० चौरस फूट धरले तर २६८ घरे होतात. जमिनीचा खर्च घरामागे सुमारे १ लाख ७९ हजार पडला. बांधकाम फुटास २,००० रुपये धरले तर तेच दहा लाख होते.

आता मध्यस्थाने मोठ्या कौशल्याने खातेदाराचा भाव शेकडा दहाने पाडला असे समजा. खातेदाराचे ४८ लाख गेले; घरामागे वाचले सुमारे १७,९०० रुपये. याच्या उलट, भाव पुरा दिला, परंतु एका वारसाची सही राहिली म्हणून अगर वाटेच्या तंट्यामुळे काम तीन वर्षे अडून राहिले, तर ४ कोटी ८० लाखांवर शेकडा १२ दराने साध्या व्याजानेच १ कोटी ७२ लाख ८० हजार रुपये होतात. घरामागे सुमारे ६४,५०० रुपये. भाव पाडून जे वाचले त्याच्या साडेतीनपटीहून अधिक या दिरंगाईने गेले, आणि तीन वर्षांत सिमेंट-लोखंडाचे भाव चढले ते वेगळेच. तेव्हा घर स्वस्त करणारा खरा कारागीर म्हणजे स्वच्छ कागद वेळेवर उभा करणारा. हे ज्यास समजले त्यास आपल्याच गावकऱ्याची मान मुरगळण्याची गरज राहत नाही. दोन्ही बाजूंची दलाली खाऊन दोघांनाही अर्धवट सांगणाऱ्या दलालाची या धंद्यात जी चलती दिसते, ती केवळ घेणाऱ्यांस हा हिशेब मांडता येत नाही म्हणून.

शेतकऱ्यांनी स्वतः बांधिलेली उदाहरणे.— हडपसरच्या मगरपट्ट्याचे उदाहरण महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले आहे, आणि ते रास्तच आहे. पुणे शहर वाढत येत आहे, आज ना उद्या जमिनी जाणार, हे ओळखून तेथील सुमारे १२० कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढिली आणि ज्याची जितकी जमीन त्यास त्या प्रमाणात भाग दिले. जमीन विकून मोकळे होण्याऐवजी ही कुटुंबे नगराची मालक झाली, आणि कित्येक घरांतील मुलांनी त्याच बांधकामाची कंत्राटे घेऊन धंदा शिकला. मात्र एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मगरपट्टा हे स्वस्त घरांचे उदाहरण नव्हे. तेथील घरे प्रामुख्याने मध्यम व वरच्या स्थितीच्या लोकांची आहेत. शेतकऱ्याचे हित कसे राखावे हे तेथे शिकावे, गरिबाचे घर कसे बांधावे हे दुसरीकडे.

ते सोलापुरास पाहावयास मिळते. विडी कामगार स्त्रियांसाठी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती २००६ साली पुरी होऊन घरे कामगारांच्या ताब्यात गेली. त्याच बाजूस असंघटित कामगारांच्या सहकारी संस्थेने रे नगर ही तीस हजार घरांची वसाहत हाती घेतली. तीपैकी पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लाभार्थ्यांस मिळाली. या दुसऱ्या कामास २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेचे साहाय्य होते. त्या योजनेत अशा भागीदारीतील घरास केंद्राकडून दीड लाख व राज्याकडून एक लाख रुपये असे अनुदान ठरलेले होते, आणि दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फूट धरिले होते.

दोन्ही रीतींची सांगड घालणारी वाट म्हणजे नगररचना योजना. तिची कल्पना १९१५ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यापासून आपल्याकडे आहे, आणि सध्या ती १९६६ च्या कायद्याखाली चालते. सर्वांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून त्यांतून रस्ते, शाळा, बागा व दुर्बलांच्या घरांसाठी जागा काढावयाची, आणि उरलेल्यांतून प्रत्येक मूळ मालकास आकाराने लहान पण चौकोनी व रस्त्यावर आलेला भूखंड द्यावयाचा. गुजरातेत ही रीत विशेष रुळली. आपल्याकडे ती मागे पडली याचे एक कारण असे की अंतिम भूखंड मिळेपर्यंत फार काळ लोटतो आणि दरम्यान खातेदाराचा धीर सुटतो. ज्या गावावर अशी योजना येते तेथे नकाशा वाचता येणारे चार-दोन तरुण असले तर हरकतींच्या सुनावणीस गाव एका तोंडाने बोलते. नाहीतर जो तो आपल्या बांधापुरता भांडत राहतो.

शिक्षण व चाकरी.— सरकारी बाजूस भूसंपादनाचे काम बहुधा उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. त्या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने भरल्या जातात. खालच्या पायरीवर तलाठी (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी), भूमि अभिलेख खात्यात भूकरमापक, नगररचना खात्यात रचना सहायक ही पदे आहेत. स्थापत्याची पदविका घेतलेल्या मुलास यांपैकी शेवटची दोन विशेष योग्य. म्हाडा, सिडको, रस्ते विकास महामंडळ यांतही जमिनीची व घरांची खाती असतात.

स्वतंत्र धंदा करावयाचा तर कायद्याची पदवी घेऊन शोध-अहवालाचे काम करणे हा आमच्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग. सातबाराची भाषा जन्मापासून कानावर पडलेली असल्यामुळे शेतकऱ्याच्या मुलास तो सोपा जातो. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांप्रमाणे जमीन व इमारतींचा नोंदणीकृत मूल्यांकनकार होण्यास परीक्षा द्यावी लागते. दलालीसही आता शिस्त लागली आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. नोंदणी लागू असलेल्या प्रकल्पांतील घरांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्याने स्वतः नोंदणी केली पाहिजे, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षेचे प्रमाणपत्रही लागते. जागा ५०० चौरस मीटरहून अधिक नसेल अगर घरे आठांहून अधिक नसतील तर त्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी शेकडा ७० निराळ्या खात्यात ठेवून ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावे लागतात. ही खाती व कागद ठेवण्याकरिता वाणिज्य शाखेच्या पदवीधरांस मागणी आहे.

जो मुलगा या वाटेस लागणार त्याच्या वडिलांनी त्यास पहिल्या वर्षी पैसे मिळविण्याची घाई करू देऊ नये. त्याने आधी आपल्याच खात्याचे सर्व जुने फेरफार काढून आजोबा-पणजोबांपर्यंतची वंशावळ जुळवावी. आठ-अ, सातबारा व मोजणीचा नकाशा यांचा मेळ घालावा. निबंधकाच्या कचेरीत आपल्या शिवारातील मागील तीन वर्षांची खरेदीखते पाहून सरासरी भाव काढावा. विसार पावती, साठेखत, विकसन करार आणि खरेदीखत यांतील भेद त्यास तोंडपाठ असावा. कुलमुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलेले आहे. तरीही खेडोपाडी 'मुखत्यारपत्र द्या, बाकीचे आम्ही पाहून घेऊ' असे सांगणारे फिरत असतात. विकसन करार करणाऱ्या खातेदारास त्याने एवढे तरी सांगावे की आराखडा मंजूर होऊन बांधकामाची परवानगी मिळेपर्यंत ताबा सोडू नका, आपल्या हिश्शाची घरे नकाशावर क्रमांकासह लिहून घ्या, आणि जमीन गहाण टाकण्याचा अधिकार मुखत्यारपत्रात आहे की काय ते सही करण्यापूर्वी दुसऱ्या वकिलाकडून वाचून घ्या. त्या वकिलाची फी खातेदाराने स्वतः द्यावी. ती घरबांधणीवाल्याने देऊ केली तरी घेऊ नये.